विंचचं बटण कॅबमध्ये घेतलं त्याची हकीकत

विंच (गाडीच्या पुढे बसवायचं, ड्रमवर दोर गुंडाळून फसलेली गाडी ओढणारं यंत्र) लावल्यावर पहिला पावसाळा मी हातातल्या रिमोटवर काढला आणि दुसरा कॅबमधल्या, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनमधल्या, बटणावर. मधल्या हिवाळ्यात कोणाला काय विचारलं, काय विकत घेतलं, कुठे थांबावं लागलं ते लिहून ठेवतोय. आमच्याकडे हा विषय काढला की लोक म्हणतात, "वायरमनला सांगा, लावून देईल." वायरमन म्हणतो, "सामान आणून द्या, लावून देतो." काय सामान आणायचं ते मात्र कोणीच सांगत नाही.

आमची केळी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला. कापणीला आलेला माल पाऊस उघडायची वाट पाहत नाही. व्यापाऱ्याचा ट्रक डांबरीवर थांबतो आणि बागेतून तिथपर्यंत घड आणायचं काम आमच्या कॅम्पर पिकअपचं किंवा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरचं. जुलैत शिवरस्त्याच्या काळ्या मातीत माणसाची चप्पल निघत नाही, तिथे गाडीचं काय घेऊन बसलात. म्हणून पुढे ९५०० पौंडांची, म्हणजे साधारण ४३०० किलो ओढणारी विंच लावली. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकद हवी असा ढोबळ हिशेब असतो आणि आमची गाडी भरून पावणेतीन टनांच्या आसपास जाते. हा ४३०० चा आकडा ड्रमवर दोराचा सगळ्यात आतला एकच थर उरलेला असतानाचा. वर जितके थर, तितकी ओढ कमी.

रिमोटची अडचण पहिल्याच पावसात कळली. दुसऱ्याची गाडी ओढताना बाहेर उभं राहून रिमोट दाबणं ठीक आहे. पण स्वतःचीच गाडी फसली असेल तर स्टिअरिंग धरायचं, हलकी रेस द्यायची आणि रिमोटचं बटणही दाबायचं. वर त्या रिमोटची केबल खिडकीतून आत घ्यायची, म्हणजे काच उघडी, मांडीवर पाणी, आणि केबल चुकून दारात चेमटली तर तिथेच खेळ संपला. वायरलेस रिमोट मिळतो, बरेच जण तोच लावतात. मला तो नको होता. त्याचा सेल ऐन वेळी उतरतो, आणि घरात पोरंसोरं असताना गाडीपासून दूर कुठेही दाबला जाईल असं बटण किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवायची माझी तयारी नव्हती.

दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरात, आधी कागदांकडे वळलो. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली, एमएच १९ ची, आठ वर्षांच्या पुढची. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस लागतं, नंतर दरवर्षी. आमचं मार्चमध्ये होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाड्यांपुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं. माझी विंच मूळ बंपरच्या मागे, चासीला बोल्टने आवळलेल्या पाळण्यात, म्हणजे लोखंडी चौकटीत आहे. तरी एजंटाला मध्ये न घालता स्वतः आरटीओच्या खिडकीवर जाऊन विचारलं. तोंडी उत्तर मिळालं: बंपर मूळचा आहे ना, लांबी वाढलेली नाही ना, दिवे आणि नंबरप्लेट झाकलेली नाही ना, मग फिटनेसला आणा, तपासणारे साहेब बघतील. याला परवानगी म्हणत नाहीत. म्हणून एक ठरवून टाकलं की जे काही लावू ते बोल्टवर आणि कपलरवर (वायरींचे सोडता येणारे जोड), अर्ध्या दिवसात काढता येईल असं. कुठेही वेल्डिंग नाही, मूळ वायरिंगला एकही कायमचा जोड नाही.

विम्याचं काम तुलनेने सोपं, पण रेंगाळणारं. कंपनीच्या यादीत नसलेलं विजेवर चालणारं सामान गाडीला लावलं तर पॉलिसीत आयएमटी २४ नावाची नोंद करून घेता येते. माझ्याकडून सामानाच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता घेतला. अर्ज, विंचचं जीएसटी बिल, पुढून-बाजूने काढलेले फोटो एवढं दिलं. बिल कच्चं असेल तर इथेच गाडी अडते, तेव्हा विंच घेतानाच पक्कं बिल मागून घ्या. नोंदीचा कागद यायला डिसेंबर उजाडला.

मग खरं काम. विंचचा काळा डबा उघडला की आत कॉन्टॅक्टर दिसतो, म्हणजे छोट्या करंटने चालून मोटरचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. आमच्याकडे सगळे त्याला सोलेनॉइडच म्हणतात. चार जाड बोल्ट: एकावर बॅटरीची लाल केबल, बाकी तिन्हींवर मोटरकडे जाणाऱ्या. शिवाय दोन छोट्या पट्ट्या आणि एक बारीक काळी अर्थ. एका पट्टीला १२ व्होल्ट दिले की दोर आत येतो, दुसरीला दिले की बाहेर जातो. रिमोट एवढंच करतो. जोरात ओढताना मोटर चारशे अँपिअरच्या घरात जाऊ शकते, पण तो करंट कॉन्टॅक्टरमधून जातो. माझ्या डब्यातली छोटी कॉइल मोजली तर अडीच अँपिअरसुद्धा घेत नव्हती. म्हणजे कॅबमध्ये जाड केबल आणायची काहीच गरज नाही. (काही डब्यांत उलटं असतं, कॉइलला प्लस कायम आणि बटण अर्थ देतं. मल्टिमीटर लावल्याशिवाय काही धरून चालू नका.)

इथवर कळल्यावर वाटलं, दोन वायरी आणि एक बटण, संपलं. सावद्याचे आमचे नाना वायरमन, ट्रकचं वायरिंग करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. ते म्हणाले, "भाऊ, जोडाले काय लागते? पण ते बटण सोडल्यावरबी इंच फिरतच राह्यली तं काय करसान, ते सांगा आधी." (ते विंचला शेवटपर्यंत इंचच म्हणत होते.) ही शंका फार मोलाची निघाली. कॉन्टॅक्टरच्या आतले तांब्याचे संपर्क ठिणग्यांनी भाजून एकमेकांना चिकटतात. ओढताना बॅटरीचा व्होल्टेज पडतो, कॉइल धड धरत नाही, संपर्क थरथरतात आणि ठिणग्या वाढतात. एकदा चिकटले की बटण सोडा, चावी बंद करा, विंच थांबत नाही. हात मध्ये असला तर गेलाच. त्यामुळे बटणाच्या आधी बॅटरीच्या जाड केबलवर कट-ऑफ स्विच हवा, हे तिथेच ठरलं. ट्रक-बसला असतो तो लाल चावीचा. तो बॉनेटच्या आत बसवून उपयोग नाही, कारण घाईत बॉनेट उघडणार कोण? आम्ही तो जाळीच्या बाजूला, बाहेरून हात पोचेल असा, रबरी पडद्याआड बसवला. घेताना सलग किती आणि थोडा वेळ किती अँपिअर सोसतो हे दोन्ही आकडे पाहा. स्वस्तातले चिनी स्विच बाहेरून सारखेच दिसतात, पण आतला पत्रा पातळ असतो.

नानांशी बसून वहीत आकृती काढली, ती शब्दांत सांगतो. बॅटरीच्या प्लसला लागून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच, त्याच्या पिनांना नंबर असतात) ३० नंबरला. रिलेच्या ८६ ला चावी ऑन झाल्यावरच जिवंत होणारी वायर, ८५ बॉडी अर्थला. ८७ मधून निघालेला प्लस कॅबमध्ये. तिथे आधी एक तीन जागांचं टॉगल: वर रिमोट, मध्ये बंद, खाली कॅब. टॉगल वर असेल तर प्लस परत पुढे जाऊन डब्यावरच्या रिमोटच्या सॉकेटला मिळतो. खाली असेल तर कॅबमधल्या बटणाला मिळतो आणि बटणातून 'आत' व 'बाहेर' अशा दोन वायरी कॉन्टॅक्टरच्या त्या पट्ट्यांवर जातात. सॉकेटला डब्यातच मिळणारा कायमचा प्लस यासाठी सोडवून घ्यावा लागतो. फायदा असा की रिमोट आणि कॅब एकाच वेळी कधीच चालू नसतात. एकाने आत आणि दुसऱ्याने बाहेर दाबलं, असं होऊच शकत नाही. शिवाय चावी काढली की दोन्ही मेलेले. बाजारात गाडी उभी असताना कोणी येऊन बटणाशी खेळलं तरी फिकीर नाही.

मोजल्या तर पुढून कॅबमध्ये पाच वायरी होतात. रिलेला चावीचा प्लस, रिलेकडून आत येणारा, रिमोटचा, आत आणि बाहेर. बोअरची फ्लॅट केबल प्रत्येक शेतकऱ्याच्या शेडमध्ये पडलेली असते, आणि दोन तुकडे ओढून टाकू असा मोह मलाही होता. नानांनी नको म्हटलं. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. इंजिनशेजारी काय होत असेल याचा विचार करा. १.५ चौरस मिलिमीटरची, गाड्यांसाठीच बनवलेली पाच कोरची केबल भुसावळला मिळाली, मीटरला ७० रुपयांनी सहा मीटर.

बटण मात्र जळगावलाही मनासारखं मिळेना. ते दाबून धरेपर्यंतच चालणारं, दोन्ही बाजूंनी, आणि सोडलं की आपोआप मध्ये येणारं हवं. दुकानात दाखवत होते ती फॉगलॅम्पची, दाबलं की तिथेच बसून राहणारी. असलं बटण विंचला लावणं म्हणजे आग्या मोहोळाला काठी लावून झोपी जाणं. ऑनलाइन मागवलं, ते आलं तेसुद्धा तिथेच बसून राहणारंच. चित्रात एक आणि खोक्यात दुसरं. परत पाठवलं, पैसे परत यायला वेळ लागला, तोवर दुसऱ्या ठिकाणाहून मागवलं. यात संक्रांत आली. पार्सल फोडल्याबरोबर मल्टिमीटर लावून बघा. बटण सोडल्यावर बीप थांबला पाहिजे.

काम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात केलं. थंडी होती ते बरं. डॅशबोर्डखाली पाठीवर पडून हात वर करून काम करायचं तर आमच्याकडे तेवढेच दोन महिने माणसाचे असतात. सगळ्यात आधी बॅटरीची काळी केबल सोडली. डॅशबोर्डमागच्या पत्र्याला नवीन भोक पाडायची वेळ आली नाही, कारण बॉनेट उघडायची तार जिथून जाते त्या रबरी बुशमध्ये जागा होती. नानांनी बुशला चीर दिली, आधी कडक तार आरपार घातली, तिला केबल टेपने बांधली आणि मी आतून ओढली. नवीन भोक पाडावं लागलंच तर रबरी बुश न घालता वायर नेऊ नका. पत्र्याची धार वर्षभरात कवच कापते आणि मग फ्यूज का उडतोय हे शोधण्यात दिवस जातात. पुढे सगळी केबल फ्लेक्झिबल पाइपात, सायलेन्सरपासून आणि पंख्यापासून लांब, दर वीतभर अंतरावर टाय. टोकांना थिंबल (धातूची टोकं) दाबून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). नुसती पिळून टेप मारलेली वायर नानांनी एकही ठेवली नाही, आणि यासाठी मी त्यांना जन्मभर मानेन. जेवायला उठलो तेव्हा आप्पा, माझे चुलते, येऊन उभे. "एवढ्या वायरी? तोफ लावून राह्यला का रे गाडीले?"

बटणाची जागा हा वेगळा वादाचा मुद्दा झाला. गिअरजवळ सोयीचं होतं, पण तिथे शेजारी बसणाऱ्याचा गुडघा लागतो. शेवटी स्टिअरिंगच्या उजवीकडे, खाली, पत्र्याच्या छोट्या पट्टीवर. टॉगलवर उचलायचं लाल झाकण. पट्टीवर मराठीत चिकटवलं: वर 'आत', खाली 'बाहेर'.

तपासणी टप्प्याटप्प्याने करा. कट-ऑफ बंद ठेवून चावी ऑन केली. आमच्या जोडणीत छोट्या वायरींचा प्लस कट-ऑफच्या आधी घेतलेला असल्याने मोटरला वीज न जाता कॉन्टॅक्टर नुसता 'टक्' वाजतो. आतला टक्, बाहेरचा टक्, चावी काढली की शांत, टॉगल रिमोटवर असताना कॅबचं बटण मुकं. हे सगळं जमल्यावरच कट-ऑफ चालू केला, तोही ड्रमचा क्लच सोडून, म्हणजे मोटर फिरली तरी दोर हलणार नाही. मग क्लच लावून दिशा पाहिली. वर दाबलं तर दोर बाहेर जात होता, म्हणून बटणामागच्या दोन पिना अदलाबदल केल्या. दिशा बदलायची ती बटणाकडेच, जाड केबलींना हात लावायचा नाही. शेवटी ट्रॅक्टर हँडब्रेकवर उभा करून त्याला हूक लावला आणि कॅम्पर न्यूट्रलमध्ये सावकाश ओढून घेतली. एका सोलरपंपवाल्या मित्राकडून डीसी क्लॅम्पमीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) आणला होता. रिकामी फिरताना सत्तरच्या आसपास अँपिअर, गाडी ओढताना त्याच्या दुपटीवर. इंजिन चालू आणि रेस थोडी वर ठेवली तर व्होल्टेज फारसा पडत नाही, तेव्हा इंजिन बंद ठेवून विंच चालवू नका.

खर्च सांगतो. केबल ४२०, रिले आणि बेस १८०, फ्यूज होल्डर ६०, बटण कुरियरसकट ३४०, टॉगल झाकणासह १२०, कट-ऑफ ९५०, थिंबल-श्रिंक-पाइप २४० आणि नानांची मजुरी ८००. विम्याचा जादा हप्ता वेगळा. बाजारात 'कॅब कंट्रोल किट' म्हणून तयार संच मिळतात, पण मी पाहिले त्यांत कट-ऑफ नव्हता.

मार्चमध्ये फिटनेसला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. बिलं, विम्याची नोंद आणि वहीतल्या आकृतीची झेरॉक्स अशी फाइल बरोबर नेली होती. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे, हॉर्न, रिफ्लेक्टर टेप पाहिली, खाली वाकून पाळणा पाहिला. म्हणाले, "हूक बाहेर लोंबतोय तो काढा. चालताना कोणाला लागेल." तिथेच हूक सोडून कॅबमध्ये टाकला. वायरिंगबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्या दिवसापासून हूक गरजेपुरताच लावतो. तुमच्याकडे तपासणारे वेगळं म्हणू शकतात, म्हणून सगळं बोल्टवर ठेवा हे पुन्हा सांगतो.

मे महिन्यात एकदा सगळे बोल्ट आवळले आणि पाइप कुठे गाडीच्या अंगाला घासतोय का पाहिलं. खरी परीक्षा जुलैत झाली. सुकी नदीच्या काठच्या बागेतून निघताना गाडी डाव्या अंगाने बसली. चुलतभाऊ समोर निंबाला रुंद पट्टा बांधून आला (झाडाला थेट वायररोप बांधला तर साल सोलते), दोरावर ओलं पोतं टाकलं आणि बाजूला, दोराच्या लांबीहून जास्त अंतरावर उभा राहिला. मी काच लावून आत. पहिला गिअर, रेस नावाला, एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने बटण. थोडं ओढायचं, थांबायचं. त्याने हात वर केला की बटण सोडायचं, कारण आतून ड्रम दिसत नाही. दोर एका बाजूला चढतोय का, पोतं सरकलं का, हे त्यालाच दिसतं. जोरात ओढताना सलग मिनिटाच्या वर मोटर चालवली नाही, मध्ये थंड होऊ दिली. दोर सोडताना ड्रमवर किमान पाच वेढे राहिले पाहिजेत, हेही आतून कळत नाही. गाडी निघाली. मांडी कोरडी होती.

त्यानंतर माझी वापरण्याची पद्धत अशी बसली: स्वतःची गाडी काढायची तर कॅबमधून, आणि समोर पाहणारा माणूस असेल तरच. दुसऱ्याची ओढायची किंवा एकटाच असेन तर बाहेर येऊन रिमोट. दोर हाताने गुंडाळतानाही टॉगल रिमोटवर, आणि रिमोट गुंडाळणाऱ्याच्याच हातात. काम झालं की कट-ऑफची लाल चावी काढून खिशात.

गावातल्या दोघांनी विचारलं की ट्रॅक्टरला आणि ट्रकला हेच चालेल का. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असेल तर जोडणी हीच, पण विंच पेलेल असा पाळणा चासीवर बसतो का ते आधी पाहा. मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात. तिथे विंच, कॉन्टॅक्टर आणि रिले तिन्ही २४ चेच घ्यावे लागतील. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून भागवू नका, ती बॅटरी लवकर मरते.